हातचे दोन

सव्वीस वर्षं मी त्या टेबलाशी बसले,
ब्लूमर कॉलेजच्या जिममध्ये, घड्याळवाल्याच्या डाव्या अंगाला.
पुढ्यात रकान्यांची वही, टोक केलेल्या दोन पेन्सिली.
दिवसा लायब्ररी, रात्री हे.
काम एकच, कोण काय घेऊन गेलं ते लिहायचं.

कॉर्डेल हॅचेट, फॉरवर्ड, नंबर बेचाळीस.
गाव कैरो, इलिनॉय; पण म्हणायचं केरो,
हे त्यानेच सांगितलं पहिल्या दिवशी, हळू आवाजात,
जणू चूक माझी नसून गावाची होती.

पहिल्या वर्षी अकरा सामने, एकोणीस गुण.
मांडीवर टॉवेल घेऊन बाकावर बसायचा,
परक्या घरी जेवायला बसावं तसा, ताठ.
दुसऱ्या वर्षी क्लाउसनचं मनगट मोडलं
आणि दुसऱ्याच्या दुखण्याने उघडलेल्या दारातून
हा आत आला, वाकून.
सहा फूट सात इंच. सगळ्याच दारांतून वाकायचा.

वहीत न मावणारं बरंच करायचा तो.
पाठीने समोरच्याला रेटून जागा धरायचा,
चेंडू ओडमच्या हाती पडावा म्हणून.
त्याला रकाना नाही.
फ्री थ्रोआधी उजवा तळवा मोज्यावर पुसायचा.
पुसणं होईपर्यंत मी श्वास घ्यायचे नाही.
त्यालाही नाही.

तिसरं वर्ष. सामन्याला सोळा गुण.
वरच्या बाकांवर करड्या कोटातले दोघे येऊ लागले,
त्यांच्या वह्या माझ्या वहीपेक्षा लहान,
आणि त्यात, मला वाटतं, फक्त त्याचंच नाव.

त्याच फेब्रुवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ,
कड्यावर चेंडू अडखळला, चार हात वर गेले
आणि माझ्या पेन्सिलीचं टोक तुटलं.
मी खाली पाहिलं. पापणी लवते तेवढंच.
वर पाहिलं तर जाळी हलत होती,
पंचाची दोन बोटं हवेत.
मी दुसरी पेन्सिल घेतली, दोन गुण लिहिले
एकतीस नंबरपुढे, ओडमच्या नावावर.
बेचाळीसने धावता धावता टेबलाकडे पाहिलं. एकदाच.

पुढच्या जानेवारीत त्याचा गुडघा गेला.
मक्याचं वाळलं धाट मोडावं तसा आवाज,
तो माझ्यापर्यंत आला, आणि जिम गप्प झाली.
करडे कोट पुन्हा दिसले नाहीत.
मार्चमध्ये, घरच्या शेवटच्या सामन्यात,
कोचने त्याला शेवटच्या मिनिटाला उतरवलं, पाय पट्ट्यांत बांधलेला.
फाऊल मिळाला. तळवा मोज्यावर.
एक आत, एक कड्यावरून बाहेर.

त्या रात्री चार वर्षांची बेरीज मांडली,
एकक, दशक, हातचा धरत धरत.
नऊशे सत्त्याण्णव.
जिमच्या भिंतीवर हजार ओलांडणाऱ्यांची सात नावं आहेत, सोनेरी.
ते दोन मिळवले असते तरी नऊशे नव्व्याण्णव.
भिंत पाघळली नसती.
तरी ते दोन माझ्या हातचेच राहिले,
कुठल्याच रकान्यात न उतरलेले.

आता तो पिवळी स्कूलबस चालवतो,
आणि संध्याकाळी आठवीच्या पोरांवर ओरडतो:
उडी नंतर, आधी जागा धर!

परवा किराणा दुकानात माझा हात पोचेना,
तर मागून एक लांब हात आला, न विचारता,
आणि सर्वांत वरच्या फळीवरचा पीचचा डबा खाली उतरला.
मी म्हटलं, कॉर्डेल, तो फेब्रुवारी.
कुठला, असं त्याने विचारलं नाही.
डबा हातात घोळवत छताच्या दिव्यांकडे पाहत राहिला
आणि म्हणाला, मिसेस ड्रीसन,
त्या दिवशी ओडमची आई आली होती,
टेनेसीहून, रात्रभर बसने.
तिसऱ्या रांगेत होती. हिरवी टोपी.

मग डबा माझ्या गाडीत ठेवला,
अंड्यांपासून जरा दूर.