हरभऱ्याएवढा बर्फ

हरभऱ्याएवढा बर्फ उरला की
कुपी पाण्यातून काढायची. आधी नाही, नंतर नाही.
शहाबाजकर सरांनी शिकवलं,
रबाळ्याच्या या लॅबमध्ये, पहिल्याच आठवड्यात.
मग लसणासारखा वास सुटतो.
तो रक्ताचा नसतो.
पेशी गोठताना फुटू नयेत म्हणून घातलेल्या औषधाचा असतो.
त्या दिवशी डब्यातली चटणी तशीच घरी जाते.

कुपीवर: ठ-११७, पहिली भेट, मार्च २००६.
लागण होऊन सहा आठवडे, अंदाजे.
ताप येऊन गेलेला, पुरळ मावळलेलं,
कळव्याच्या डॉक्टरांनी 'व्हायरल आहे' म्हणून
पाठवून दिलेलं.
खोटं नव्हतं ते.

मरायला निघालेली पेशी आतलं अस्तर बाहेर काढते.
माणूस गेल्यावर त्याचं अंथरूण दाराबाहेर टाकतात ना,
तसं,
पण ही जाण्याआधीच, आपल्या हातानं.
त्या अस्तराला आमचा हिरवा रंग चिकटतो.
आधीच मेलेल्या लाल, त्या धरायच्या नाहीत.
लेझरसमोरून एकेक जाते:
जिवंत, जिवंत, हिरवी, जिवंत, हिरवी,
हिरवी.

शंभरात एकतीस.
गंमत म्हणजे (गंमत हा सरांचा शब्द)
यातल्या बहुतेकींना विषाणू शिवलेलाही नाही.
शेजारून नुसता सांगावा आला
आणि यांनी आवराआवर सुरू केली.

एकतीस म्हणजे, आता म्हणता येतं,
हा लवकर ढासळणार होता.
तेव्हा म्हणता येत नव्हतं.
तेव्हा गोळ्या दोनशेच्या खाली आल्यावर,
आणि हा चारशे बारा.
कागदावर शिक्का आहे: सहा महिन्यांनी या.
आला. तीनशे तीस.
पुन्हा आला. दोनशे चाळीस.
चौथ्या रकान्यात: संपर्क तुटला.

नाव-पत्ता आमच्याकडे नसतो, तो वेगळ्या कुलुपात.
फक्त शेवटच्या पानावर 'काही शंका?' पुढे
समुपदेशक मढवीबाईंचं तिरकं अक्षर:
"विचारतात, हे रक्त परत कधी मिळणार."

आकडा तक्त्यात भरला.
सर म्हणाले, छान बसतोय रेषेवर.

संध्याकाळी उरलेलं ब्लीचमध्ये ओतलं.
रबाळ्याची दुसरी पाळी सुटत होती,
खाली कुणीतरी स्कूटर किक मारून मारून थकला.
नियमाप्रमाणे दहा मिनिटं थांबायचं असतं.
मी वीस थांबले.