आठवेल

बी विंग आणि सी विंगच्या मधे
जी अकरा फूट जमीन आहे
तिथे ऊन साडेअकराला येतं
आणि बाराच्या आत निघून जातं,
मीटर वाचायला आलेल्या माणसासारखं.
बाकी दिवसभर वरून एसीचं पाणी ठिबकतं
आणि पर्जन्यवृक्षाची बारीक पानं पडत राहतात.

लॉन लावून झालं होतं. मेलं.
मग पांढऱ्या खड्यांचा विषय निघाला,
मग पेव्हर ब्लॉकचा. कोटेशनही आलं.
मी मीटिंगमध्ये म्हटलं, एक वर्ष द्या.

माझ्याकडे होती एक दुधाची पिशवी,
भाचीने आंबोलीहून मांडीवर धरून आणलेली.
आत चार पेरं आणि मूठभर माती
जिला दोन दिवस जंगलाचाच वास येत होता.
तिसऱ्या दिवशी ती मुलुंडची झाली.

पान ब्राह्मीसारखं, पण ब्राह्मी नव्हे.
फूल पांढरं, जुईच्या अर्ध्यानं.
भाचीला नाव ठाऊक नव्हतं.
एकतीस वर्षं मी लॅबमध्ये
रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवली.
बिननावाची बाटली आम्ही परत पाठवत असू.
हिला कुठे पाठवू?

लावण्यासारखं फार काही नव्हतं.
बोटभर खड्डा, पेर आडवं, वर पाल्याचं पांघरूण.
उभं लावलं की कुजतं
हे पहिलं गेल्यावर कळलं.
दुसरं मांजरीनं उकरलं.
तिसऱ्याचं वाटोळं मीच केलं,
सारखं उपसून बघत,
मूळ धरलं का, मूळ धरलं का.

उरलं एक.
आणि त्याचं पांघरूण रोज सकाळी सातला
शेवंता खराट्याने ओढून नेई.
"पाला राहू दे गं तिथे."
"पालो ठेवू? आणि सेक्रेटरी इचारतलो, तेका काय सांगू?"
बरोबर होतं तिचं.
तिचा पगार जमीन दिसण्याचा होता.
मी चार विटा मांडल्या.
तिने विटा उचलल्या, आतली जागा लख्ख झाडली,
विटा होत्या तशा ठेवल्या.

दोन होळ्या गेल्या.
वेल काही वर चढली नाही,
कुठल्याच गॅलरीतून दिसली नाही.
पेराला पेर, पेराला मूळ,
रात्रपाळी करून आल्यासारखी
ड्रेनेजच्या झाकणापर्यंत पोचली
आणि झाकणाला वळसा घालून पुढे गेली.

मार्गशीर्षात एका सकाळी
खराट्याचा आवाज मधेच थांबला.
खिडकीतून पाहिलं तर शेवंता उकिडवी बसलेली,
साडीचा काठ चिखलात,
एका बोटाने पानं सारत मोजत होती.
पाच फळं. मसुराहून मोठी, करवंदाहून लहान,
पार्सलवर ओतलेल्या लाखेसारखी लाल.

"ह्यां आमच्या देवाच्या रायत असायचां," ती म्हणाली.
"आमी दुकान मांडू, ही आमची टमाटां.
ह्येका नाव आसा. आवस म्हणायची.
तोंडार येता नि जाता."

एक फळ बुलबुलाने नेलं,
एक सातव्या मजल्यावरच्या मुलाने.
दोन मी पाल्यात दाबली.
पाचवं तिच्या पदराच्या गाठीत गेलं,
ते मी पाहिलं हे तिने पाहिलं.

तेव्हापासून त्या अकरा फुटांत खराटा लागत नाही.
उलट पार्किंगमधला पाला
ती टोपलीने आणून पसरते.
सेक्रेटरीला तिने काय सांगितलं
मी विचारलेलं नाही.

रोज सातला खिडकीखालून जाते.
"आलं का गं?"
"नाय अजून."
लेबल मी केव्हाच कापून ठेवलंय,
कोरं. त्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलंय.
"आठवेल," मी म्हणते.
ती मान हलवते, सी विंगकडे वळते,
आणि मधली ती पट्टी ओलांडताना
पाऊल असं जपून टाकते,
खोलीभर माणसं निजलेली असताना
दाराकडे जावं तसं.