सतराचा पाढा

पायवाट करवंदीच्या जाळीपाशी संपली.
पुढे होती ती शेळ्यांची,
आणि शेळ्या माणसाच्या गुडघ्यांचा विचार करून चालत नाहीत.

जुन्नर खाली राहिलं, धुळीत.
एसटी थांब्यासमोर रसवंतीची घुंगरं,
आणि तिसरी बाटली घ्यावी की नको असं म्हणत
न घेतलेली ती बाटली.
आता सगळ्यात स्पष्ट तीच आठवते,
तिच्या अंगावरचा घाम, तिचं निळं झाकण.

सुभी पुढे. सुभी मुठे, नववी ब,
सुट्टीत मामाच्या शेळ्या राखते.
रबरी चप्पल, एकीचा अंगठा तारेनं ओवलेला.
"नकाशात टाकं आहे," मी म्हणालो.
"नकाशात ऱ्हाऊ द्या त्याला," ती म्हणाली,
पण आली.

कातळ तापला की वास येतो,
रिकाम्या तव्याचा.
हात टेकून उचलला
की बोटं लगेच येतात, कातडी जरा उशिरा.
घसाऱ्यावर दोन पावलं वर, एक खाली,
आणि माथ्यापर्यंत थरावर थर काळा दगड,
थापून, भाजून
कुणाला वाढायच्याच राहिलेल्या भाकऱ्यांची चवड.

पारवे उडाले. मी बोट दाखवलं.
"लबाड हायेत. धरणावर जाऊन पितात."
उंबर दिसला.
"त्याची मुळं कुठवर गेलीत, तुम्ही जाणार का?"

टाकं सापडलं.
बरोब्बर तिथंच, दोन खांबांसह,
पायऱ्या इतक्या नेटक्या
की उतरताना मी चपला काढाव्यात की काय असं वाटलं.
तळाशी वेफर्सचं पाकीट,
सापाची कात,
भेगाळलेल्या चिखलात कुठल्यातरी पक्ष्याचं पाऊल,
आत जाणारं. बाहेर येणारं दिसलं नाही.
नकाशा खरा होता. मी त्याची घडी घातली,
ती घालायलाही थुंकी उरली नव्हती.

तेव्हा सुभी बसली, उकिडवी, गप्प.
मला वाटलं दमली.
ती माशी बघत होती.
साधी मधमाशी, फुलावर न थांबणारी,
पोट खाली टाकून सरळ जाणारी,
उशीर झालेल्या बाईसारखी.
"ही घरी नाय चालली," सुभी म्हणाली, "ही भरायला चालली."

मग वाट नव्हतीच.
निवडुंग, घळ, एक नको तितकी अरुंद कपार,
पोट आत घेऊन, छाती आत घेऊन,
नाव-गाव-हुद्दा बाहेर ठेवून.
पलीकडे दोन कातळांच्या सांध्यात
वीतभर रुंद लाल पट्टा, मातीचा.
ओला.

एक दगड काढला तिनं, बुचासारखा.
आत खांद्यापर्यंत हात घातला,
गाल कातळाला टेकवून,
पलंगाखाली गेलेलं नाणं शोधावं तसा.
करवंटी आधीपासून आत होती.
कुणाची, ते मी विचारलं नाही.

"सतराचा पाढा दोनदा म्हणायचा. मग भरते.
चुकलं की पहिल्यापासून."
तिनं डोळे मिटले.
सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न,
आत कुठंतरी थेंब, आकड्यांच्या मागेमागे.

पहिली करवंटी तिनं दगडाच्या खळग्यात ओतली.
माश्या आल्या, काठाला ओळीनं बसल्या.
दुसरी मला.
गंजाची चव, खोबऱ्याची, थोडी काजळीची.
तिसरीही मला.
चौथी ती प्यायली की नाही
ते मला आठवत नाही,
आणि हे न आठवणं
त्या न घेतलेल्या बाटलीपेक्षा जड आहे.

निघताना बूच बसवलं, वर माती दाबली.
"नकाशात घालू नका."
म्हणून डोंगराचं नाव नाही इथं.

कोथरूडात पहाटे पाचला टँकर येतो.
पाइप सोसायटीच्या हौदात पडतो, धबाधब,
वॉचमन वाहिलेल्या पाण्यात पाय धुतो.
मी अंथरुणात पाढा धरतो,
दर वेळी सतरा चोक अडुसष्टला येऊन अडकतो,
आणि पहिल्यापासून.