शेंड्याची रवी

दर नाताळाला बाबांचा अंदाज चुकायचा.
बर्फातून ओढत आणलेलं स्प्रूसचं झाड
छताला टेकून मान वाकवायचं,
आणि आई म्हणायची,
"जंगलाला छत नसतं, एइनो."

मग शेंडा कापायचा.
तारा सुतळीने बांधायचा, तोही वाकडा.
काचेचा पक्षी माझा.
मेणबत्त्या मात्र राइलीच लावणार, थोरली म्हणून.

जानेवारीत झाड चुलीत जायचं.
शेंडा तेवढा बाबा बाजूला ठेवायचे :
साल सोलून, फांद्या आखूड करून
त्याची रवी करायचे.

आता ओउलूत, चौथ्या मजल्यावर,
छत उंच आहे. झाड प्लास्टिकचं.
खीर अजून बाबांच्या रवीनेच घोटते,
एक दात तुटलाय तरी.

एका वर्षी मेणबत्त्या मी लावल्या होत्या.
ही रवी त्या वर्षीची.