दोन वाव नि वर थोडं

सर्जेकोटात दुपारी तीन वाजता
भिवाकाका कोचरेकर गाढ झोपलेले असतात,
हे सगळ्या वाडीला ठाऊक. मला नव्हतं.
मी फॉर्म घेऊन गेले, साठीच्या वरच्यांचा,
आरोग्य केंद्राचा, निळा,
खाली सहीची किंवा अंगठ्याची जागा.

द्वारकाकाकींनी खळ्यात खुर्ची मांडली,
सुकत घातलेले बांगडे पायानं थोडे सारले,
आणि हाक न मारता
नुसती दाराची कडी वाजवली.
नावानं उठवलं तर दचकतात, म्हणाल्या.

रात्री किती वाजता झोपता?
काकांनी आधी समुद्राकडे पाहिलं.
"आज भांगाचा पाणी. निजतंय जरा."
किती तास?
"बाय, झोप काय एकदम गावता?
आदी गावायची बांगड्यासारखी, जाळा फाटासर.
आता सुंगटा. दोन हय, तीन थय."
माझ्या कागदावर चौकोन चार:
पाचाहून कमी, पाच ते सात,
सात ते नऊ, नऊच्या वर.
सुंगटांना चौकोन नव्हता.
"दिसभर निजतत, रातभर दार उघडतत,"
काकी म्हणाल्या, माशी हाकलत.

चाळीस वर्षं काका रापणीचे राखणदार.
उपड्या होडीच्या पोटाखाली
एक डोळा मिटलेला, एक पाण्यावर.
काळोखात मासा चमकला
की त्यांची एक आरोळी,
आणि अख्खी वाडी धोतरं खोचत दोरीला.
बेचाळीस घरांच्या चुली
त्यांच्या अर्ध्या झोपेवर.
पुरती झोप म्हणजे त्यांच्या लेखी चोरीच.

रापण मोडून नऊ वर्षं झाली.
होडी विकली. दोरी कुणी
माडाच्या कुंपणाला बांधली.
डोळ्यांना तेवढं कुणी कळवलं नाही.

मग मी पकडीचं यंत्र हातात दिलं.
घट्ट दाबा, काका.
काटा चौदावर थरथरून थांबला.
त्यांनी यंत्र उलटं करून पाहिलं,
कुठं काही अडकलंय का.
दुसऱ्या हाताचे तेरा.

खुर्चीतून पाच वेळा उठायचं, हात छातीवर.
तीनदा उठले. चौथ्यांदा
हात आपसूक खुर्चीच्या कडांना गेले,
लाट येताना होडीच्या काठाला जातात तसे.
काकी बांगडे परतायला लागल्या,
आमच्याकडे पाठ करून.
ते आत्ताच परतून झाले होते.

शेवटी चार मीटर चालायचं. टेप मी विसरले होते.
"चार मीटर म्हणजे? दोन वाव नि वर थोडा,"
म्हणत काकांनी दोन्ही हात पसरले,
पार बोटांच्या टोकांपर्यंत,
एकदा, आणि तुळशीकडे सरकून पुन्हा.
(दुसऱ्या दिवशी मी टेपनं पाहिलं. चार बोटांचा फरक.)
मग चालले.
मोबाइलवर आकडे पळत होते,
काकांचे पाय नव्हते पळत.
सात सेकंद.
पाचाच्या पुढे गेलं की खूण करायची.
मी केली.

फॉर्मच्या पाठीवर सूचना छापलेल्या:
दिवसा झोपणे टाळावे.
रोज ठरल्या वेळी निजावे, ठरल्या वेळी उठावे.
संध्याकाळनंतर चहा नको.
मी मोठ्यानं वाचत होते, काकांची मान हलत होती.
तिसऱ्या सूचनेला कळलं,
डुलकी लागलीय.

उठवायचं कसं, ते आता मला माहीत होतं.
कडीपर्यंत हात गेला माझा.
सही राहिली.

माझं घर खाडीपलीकडे, तळाशीलला.
त्या रात्री अडीचला मला जाग आली,
हल्ली येते, चाळिशी उलटल्यापासून.
पल्याड किनाऱ्यावर एक बॅटरी
सावकाश जात होती, थांबत होती,
पाण्यावर फिरून परत येत होती.
मला सहाला उठायचं होतं.
पायरीवर बसले.
बॅटरी विझली, तशी वाटलं आता आरोळी येईल.
बराच वेळ वाट पाहिली.