वजा पंच्याहत्तर

आखाजीला चार दिवस होते
आणि माझ्याकडे अकरा लग्नांचं एडिटिंग पडून.
जळगावहून आणलेला नवा डबा
टेबलावर नवरदेवासारखा बसला, काचेच्या पोटात दिवे.
पहिल्याच रेंडरला पंखे असे सुटले
की शेजारच्या इंदूजिजींनी भिंतीपलीकडून विचारलं,
चक्की घेतली का गं?

पंच्याण्णव अंश.
बाहेर अमळनेर चव्वेचाळीस,
पत्र्याखाली आमची खोली त्याच्याही वर,
आणि त्या नखाएवढ्या चौकोनात पंच्याण्णव.
दुकानदार फोनवर म्हणाला, नॉर्मल आहे.
उन्हाळ्यात आमच्याकडे
नॉर्मल या शब्दाचा काही भरवसा नाही.

रात्री बायोस उघडलं.
कोअर व्होल्टेज: ऑटो.
पुढे बारीक आकड्यांत, एक पॉइंट अडतीस.
आप्पा पाणी प्यायला उठले होते.
उखा लायनमन, बोर्डातून रिटायर,
डाव्या तळव्यावर अकरा केव्हीचा डाग.
कपाळावरचा चष्मा उतरवून वाकले.
हाई काय शे?
व्होल्टेज, आप्पा.
दीड व्होल्ट बी नही?
रेडिओतल्या एका सेलाहून कमी. हसले.
मंग तापस कसं?
म्हटलं, व्होल्ट नाही, अँपिअर बघा.
शंभराच्या पुढे जातात.
हसणं थांबलं.
टेबलापासून एक पाऊल नकळत मागे सरकले.

कोणी ठरवला हा आकडा?
ऑटो, म्हटलं. बोर्ड आपलं आपण ठरवतं.
मग पाण्याचा तांब्या हातातच धरून
त्यांनी मांडळच्या लायनीची गोष्ट सांगितली.
शेवटच्या घरात बल्ब नुसता लाल दिसायचा,
म्हणून साहेबाने डीपीचा टॅप चढवला.
शेवटच्या घरात पोरं अभ्यासाला बसली
आणि डीपीखालच्या भिला टेलरचे
महिन्यात सात बल्ब उडाले.
तुझा कंपनीवालाही तोच साहेब, माय.
कुठला तुकडा कुठल्या घरी गेला, त्याला काय ठाऊक?
तो प्रत्येकालाच शेवटचं घर धरतो.

व्होल्ट जरा उतरला की ताप दुपटीने उतरतो,
हे त्यांना समजावायला गेले
तर वही आणायला निघून गेले होते.
रेघा मारल्या सबस्टेशनच्या लॉगशीटसारख्या:
वेळ, व्होल्ट, ताप, शेरा.

वजा पंचवीस. एक्क्याण्णव. ठीक.
वजा पन्नास. सत्त्याऐंशी. ठीक.
मध्ये लाइट गेली, इन्व्हर्टर ओरडला, परत आली.
वजा पंच्याहत्तर. ब्याऐंशी. ठीक.
पंख्यांचा आवाज आता
कुणीतरी लांबून सूप पाखडावं इतकाच.
इथे मी हावरी झाले.
थोडं थोडं उतार, ते म्हणतच होते,
मी वजा शंभर टाकलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी
बेटावदच्या नवरीने हार उचलला
आणि उचललेलाच राहिला.
करवल्यांची तोंडं उघडी, अक्षता हवेत,
माउस मेला.
मग सगळं काळं.
आप्पांनी शेऱ्यात लिहिलं: ट्रिप.
वर घड्याळ पाहून मिनिटंही लिहिली.

परत वजा पंच्याहत्तर.
रात्रभर रेंडर चालला.
मी खुर्चीतच झोपले, हार पूर्ण पडताना पाहिलाच नाही.

पहाटे जाग आली तेव्हा
ते डब्याच्या कडेला उभे होते,
उलटा हात पत्र्याला टेकवून.
तळवा कधी लावायचा नाही,
करंट असला की मूठ मिटते आणि सुटत नाही;
हे त्यांनी मला सायकलच्याही आधी शिकवलं होतं.
थोडा वेळ तसेच राहिले.
आते ऱ्हाई, म्हणाले.

वही मात्र परत दिली नाही.
हवा बदलली की आकडा बदलतो,
मृग लागल्यावर पुन्हा मोजू म्हणतात.