निरंक

दर महिन्याच्या पाच तारखेला नागपूरला एक तक्ता जातो.
मंजूर पदे. भरलेली पदे. रिक्त पदे. शेरा.
तो मी भरतो, सावरटोल्याच्या कोर्टामागच्या खोलीत.
एक खिडकी, तिला तारेची जाळी,
जाळीत गेल्या सालचं मोहाचं पान.

सरकारी अभियोक्ता : मंजूर दोन, भरलेलं एक.
ते एक म्हणजे ढवंगाळे मॅडम.
त्या एकाचेही तुकडे आहेत :
सोम-मंगळ आमच्याकडे,
बुध-गुरू वैनगंगेच्या पल्याड,
शुक्रवारी जिथून फोन येईल तिथं.
एसटी चुकली की न्यायाधीश घड्याळाकडं पाहतात,
आरोपीचा वकील छताकडं,
आणि रोजनाम्यात एक ओळ वाढते.

लघुलेखक : मंजूर एक. बाकी तुम्हीच समजा.
शिपाई झिंगरे निवृत्त होऊन तीन पावसाळे झाले,
त्यांचा स्टूल मागं राहिला.
स्टुलावर प्रिंटर. प्रिंटरात टोनर नाही.
टोनर येतो कार्यालयीन खर्चातून,
त्याचं अनुदान यायचं एकतीस मार्चला, दुपार कलल्यावर,
आणि कोषागार इथून बहात्तर किलोमीटर.
एका वर्षी मी पोचलो होतो.
हेल्मेट हातात, कानात अजून वारा.
खिडकीतल्या माणसानं बिल उलटं केलं, सुलटं केलं,
म्हणाला, प्रमाणपत्रावर शिक्का तिरपा आहे.
आता सगळं ऑनलाइन झालं.
आता नाही म्हणायलाही माणूस नाही.

पुनाबाई कुमरे, साक्षीदार क्रमांक तीन,
मुरूमटोल्याहून येतात.
रस्त्यापर्यंत पायी, मग काळीपिवळी,
पदराच्या गाठीत समन्स, घड्या पडून चार तुकडे झालेलं.
तेंदूच्या फडीवर पुडके मोजताना भांडण झालं,
एकाचं डोकं फुटलं, ते यांनी पाहिलं.
पहिल्या तारखेला मॅडम नव्हत्या
म्हणून त्यांनी मला सांगितलं :
"काठी बांबूची नाई होती बाबू, तेंदूची होती.
साल निघाली नव्हती तिची."
दुसऱ्या तारखेला पुन्हा तेच, सालीसकट.
मी ऐकलं. माझं ऐकणं कुठल्याच कागदावर येत नाही.

साक्षीदार भत्त्याचं शीर्ष रिकामं होतं.
मी खिशातून साठ रुपये काढले.
त्यांनी नोटा पाहिल्या, मग मला पाहिलं.
"तुये नको. सरकारचे असन त दे."

तिसरी तारीख. चौथीला न्यायाधीश रजेवर.
मधे धान निघाला, नातीचं लग्न झालं,
ज्याचं डोकं फुटलं होतं तो
तेलंगणात मिरच्या तोडायला निघून गेला.
पाचव्या तारखेला त्या पायरीवर बसल्या,
बराच वेळ चपलेचा पट्टा ओढत,
मग हळूच म्हणाल्या,
"बांबूची होती का रे बाबू, काठी?"

मला माहीत होतं.
त्या दोनदा बोलल्या, मी दोनदा ऐकलं,
मला त्या काठीची सालही माहीत होती.
पण तसं सांगितलं तर ते साक्षीदाराला शिकवणं,
कायद्याचं एवढं मला
फायली शिवता शिवता कळलंय.
"मावशी, जे आठवते ते सांगा," म्हणालो
आणि माठातलं पाणी आणायला उठलो.
ते कामही रिक्त पदाचंच.

आज पाच तारीख.
आकडे गेल्या महिन्याचेच, फक्त महिना खोडायचा.
शेरा रकाना दोन बोटं रुंद.
'काठी तेंदूची होती' एवढं त्यात मावतं,
मी पेन्सिलीनं लिहून पाहिलं.
मग खोडलं, फुंकर मारली,
आणि पेनानं लिहिलं, निरंक.

तक्ता टेबलावरच आहे.
खाली मॅडमची सही लागते,
आणि आज बुधवार.